गोदाकाठचं मॅनेट आणि बॅटरीचा प्रश्न : पार्श्वभूमी

मॅनेट म्हणजे टॉवरशिवाय, फोनांसारख्या उपकरणांनीच एकमेकांचे निरोप पुढे देत उभारलेलं जाळं. रेडिओवरून पॅकेट, म्हणजे निरोपाचे तुकडे, पाठवायचे प्रयोग अमेरिकी लष्कराच्या पैशावर १९७० च्या दशकातच झाले. इतिहासाला खरी गती आली ती १९९७ पासून. त्या वर्षी वाय-फायचं पहिलं मानक आलं आणि इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेत मॅनेटसाठी कार्यगट बसला. बँडविड्थ तुटपुंजी आणि बॅटरी मर्यादित, हे जानेवारी १९९९ च्या या कार्यगटाच्या टिपणात स्वच्छ लिहिलेलं आहे.

वाद पेटला तो मार्गांवरून, म्हणजे निरोप कोणाकोणाच्या उपकरणावरून पुढे जाणार यावरून. मार्ग आधीच तयार ठेवले तर कोणी काही पाठवो न पाठवो, दर दोन सेकंदांना हजेरी द्यावी लागते. गरज पडल्यावर शोधले तर एरवी शांतता, पण गर्दीत ती शोधाशोधच हवेतली जागा खाते. कार्यगटाने निवाडा टाळला. जुलै २००३ मध्ये मागणीनुसार शोधणारी एक पद्धत, ऑक्टोबरमध्ये मार्ग तयार ठेवणारी दुसरी, दोन्हींवर शिक्का 'प्रायोगिक'चाच. याच दोन तारखांच्या मधे, २७ ऑगस्टला, नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. अशा गर्दीत निरोप पोचणं किती मोलाचं, हे त्यातून दिसतं; त्यामुळे हा विषय मला निव्वळ प्रयोगशाळेतला वाटत नाही.

माझ्या मते निवाडा टाळण्याहून मोठी चूक म्हणजे दोन्हींनी जवळचा मार्ग हॉप, म्हणजे एका फोनवरून दुसऱ्यावर पडणाऱ्या उड्या, मोजून ठरवला. उरलेल्या बॅटरीवरून मार्ग निवडायची मांडणी १९९८ मध्येच झाली होती. गाडगे महाराज पुलावरचा एक स्वयंसेवक घ्या. पंचवटी आणि जुन्या नाशिकमधले सगळे निरोप त्याच्याच फोनवरून जाणार, कारण होळकर पुलावरून वळसा घेतला तर दोन हॉप जास्त पडतात. दुपारी त्याचा फोन मान टाकतो, तोवर होळकर पुलावरच्या फोनांना जवळजवळ कामच नाही. दुसऱ्या पद्धतीत नोडला, म्हणजे जाळ्यातल्या प्रत्येक फोनला, दुसऱ्यांचे निरोप पुढे द्यायची आपली तयारी ० ते ७ अशी कळवता येते खरी, पण कोणी हात लावला नाही तर ती ३ वरच राहते, बॅटरी कितीही उतरो.

त्यात वाय-फाय कार्ड नुसतं कान लावून बसलं तरी निरोप घेताना लागते जवळपास तेवढीच वीज खातं. वाचवायचं तर रेडिओ झोपवावा लागतो, आणि झोपलेला रेडिओ दुसऱ्याचा निरोप पुढे देत नाही. याच दुसऱ्या पद्धतीच्या २०१४ च्या सुधारित मानकात हॉपऐवजी दोन फोनांमधल्या दुव्याला किंमत लावायची सोय आली. त्या किमतीत बॅटरी धरायची की नाही, हे मात्र नेटवर्क उभारणाऱ्यावर सोडलं आहे. २०२७ च्या सिंहस्थात असं नेटवर्क उभं करायचं असेल, तर तो निर्णय नाशिकलाच घ्यावा लागेल.