एमबीआरच्या दारातली जाळी

गोव्यातल्या कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यात हॉटेल उभं करायचं तर सांडपाण्याचं काय, हा प्रश्न सेप्टिक टाकी आणि सोकपिटवर, म्हणजे शोषखड्ड्यावर, कधीच नीट सुटला नाही. वाळूत नि जांभ्यात पाणी चटकन मुरतं, पावसाळ्यात भूजल हातभरावर येतं, आणि सोकपिटात सोडलेलं शेजाऱ्याच्या विहिरीत निघतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने शहरी सांडपाणी केंद्रांसाठी प्रक्रियेनंतरचा बीओडी, म्हणजे उरलेली सेंद्रिय घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे १० मिलिग्रॅमपर्यंत उतरवण्याचा आग्रह धरला. जागा कमी आणि निकष कडक, अशा ठिकाणी मेम्ब्रेन बायोरिअ‍ॅक्टर, म्हणजे एमबीआर, सुचवला जातो: जिवाणू घाण खातात आणि मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा, पाणी गाळून घेतो.

त्याची मुळं मँचेस्टरमध्ये आहेत. १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. पहिल्या खेपेला अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी तळाशी बसलेला गाळ फेकला नाही, त्याच गाळावर नवं सांडपाणी ओतत राहिले, आणि तेच काम दिवसाच्या आत होऊ लागलं. गाळ म्हणजे जिवंत जिवाणू. पण ते राखायचे तर गाळ टाकीत निवांत खाली बसायला हवा, आणि तो फुगला की वरच्या पाण्याबरोबर निघून जातो. पुढची पन्नासेक वर्षं हीच डोकेदुखी राहिली.

१९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेतल्या डॉर-ऑलिव्हर कंपनीने गाळ खाली बसवणारी ही निवळण टाकीच काढून टाकली आणि पाणी दाबाने मेम्ब्रेनमधून गाळलं. काम चोख झालं, पण मेम्ब्रेन महाग आणि पंपांची वीज त्याहून जड. १९८९ मध्ये जपानच्या काझुओ यामामोतो यांनी मेम्ब्रेन थेट हवेच्या टाकीत बुडवून हलक्या ओढीने पाणी काढलं. खालून सुटणारे बुडबुडे मेम्ब्रेन घासत राहतात. तिथून खर्च आवाक्यात आला. १९९८ पर्यंत इंग्लंडमधल्या पोरलॉकला गावाचं सांडपाणी या पद्धतीने शुद्ध होऊ लागलं.

माझ्या मते खरा इतिहास इथून पुढे आहे, आणि तो माहितीपत्रकांत क्वचितच सापडतो. निवळण टाकी बरंच काही खपवून घ्यायची. मेम्ब्रेन काहीच खपवून घेत नाही. सुरुवातीच्या काही प्रकल्पांत दारातल्या जाळ्या ढोबळ होत्या. केस आणि कापडाचे धागे आत शिरत, बुडबुड्यांत घुसळून एकमेकांत पीळ खात, आणि मेम्ब्रेनच्या पोकळ तंतूंभोवती चक्क दोर वळले जात. ते हाताने सोडवताना तंतू तुटत. म्हणून पोकळ तंतूंच्या मेम्ब्रेनपुढे आता १ ते २ मिलिमीटरची जाळी लावतात, सपाट तावांच्या मेम्ब्रेनला २ ते ३ चालते. भोकंही गोल हवीत. लांबट फटीतून केस उभा निसटतो.

गोव्यात दुसरा पाहुणा स्वयंपाकघरातून येतो. हुमणातला, म्हणजे माशाच्या कालवणातला, नारळाचा रस, तळलेल्या माशांचं तेल. ग्रीस ट्रॅपमध्ये, म्हणजे तेल-चरबी अडवणाऱ्या टाकीत, हे थंड झालं की थर धरतं आणि बादलीने काढावं लागतं. पण भांडी घासायचं कढत पाणी सतत येत असेल तर चरबी वितळलेलीच पुढे सरकते आणि मेम्ब्रेनवर बसते. मग सोडियम हायपोक्लोराइटने धुणं वाढतं. ट्रॅप छोटा ठेवून वाचवलेले पैसे तिथेच जातात.

जैविक भागात मेम्ब्रेनचा मोठा फायदा असा की पाणी काही तासांत बाहेर पडतं आणि जिवाणू कितीतरी दिवस आतच राहतात. साध्या पद्धतीत लिटरमागे २,००० ते ४,००० मिलिग्रॅम गाळ असतो, इथे ८,००० ते १२,०००. अमोनिया खाणारे सावकाश वाढणारे जिवाणूही टिकतात. ते अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि ते पाणी विनाऑक्सिजनच्या टाकीत परत फिरवलं की दुसरे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात.

यात एक गोम आहे. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, खर्ची पडते. निम्मीच विनाऑक्सिजन टाकीत परत मिळते. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मुळातच मृदू, किंचित आंबट. तेच वापरणाऱ्या हॉटेलात पीएच घसरतो, जिवाणू मंदावतात, आणि ऑपरेटर हवा सोडणारा ब्लोअर वाढवत बसतो. तिथे हवा नव्हे, चुना किंवा सोडा घालायचा असतो.