पिन वाकली की तुटली?

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा कूलर ओढला, दोघांमधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरही वर आला, आणि लगेच बोंब: “पिना तुटल्या!” बघायला जावं तर नुसत्या वाकलेल्या असतात. उलटही होतं. खरोखर तुटलेली पिन ‘वाकली असेल’ म्हणून लोक सुईने कोरत बसतात.

हे सगळं एएमडीच्या एएम४सारख्या, प्रोसेसरलाच पिना असणाऱ्या सॉकेटबद्दल (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा). एएमडीचं एएम५ किंवा इंटेलची एलजीए सॉकेटं असतील तर पिना मदरबोर्डावर असतात, तो वेगळा विषय.

एएम४च्या १३३१ पिनांच्या गर्दीत एखादी पार आडवी झाली की सरळ वरून बघताना तिथे खळगाच दिसतो. टॉर्चचा उजेड तिरका पाडा. आडवी पिन सोनेरी रेघेसारखी चमकते, टोक शेजारणीला टेकलेलं असतं. तुटलेल्या पिनेच्या जागी फक्त ठिपका उरतो.

वाकलेलीवर उपाय सोपा: मेकॅनिकल पेन्सिलीतलं शिसं काढायचं, पोकळ टोक पिनेवर चढवायचं, सावकाश उभं करायचं. एकदाच. मागेपुढे हलवत राहिलात तर धातू कडक होतो आणि मुळाशी कट्. माझ्या हातून तुटलेली एकुलती एक पिन अशीच गेली.

तुटलेलीच्या बाबतीत ‘जोडायची कशी’ हा पहिला प्रश्नच नव्हे. कुठली तुटली ते आधी बघा. बऱ्याच पिना ग्राउंड आणि पॉवरच्या असतात, त्यातली एखादी गेली तर बहुधा काही कळतही नाही. मेमरीची गेली तर त्या चॅनलची (मेमरीच्या त्या मार्गावरची) रॅम दिसेनाशी होते. पिनांचा नकाशा बघताना मात्र तो वरून काढलाय की खालून, हे तपासा. प्रोसेसर उलटा केला की डावं-उजवं बदलतं, आणि कोपऱ्यातल्या, दिशा दाखवणाऱ्या त्रिकोणाकडे न बघता मोजणारे हमखास भलतीच पिन शोधतात.

सुपरग्लूने पिन चिकटवणाऱ्यांना काय सांगावं! त्यातून वीज जात नाही. हात बसलेला असेल तरच सोल्डर करा, पिना जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर असतात. तुटका तुकडा सॉकेटात अडकलेला नाही ना, तेही बघा. मग रॅमचे सगळे स्लॉट आणि ग्राफिक्स कार्ड लावून तपासा. विंडोज सुरू झालं म्हणजे सगळं ठीक असं नाही.