शेवटचे तीन अंश

एकट्याने भिंत उभी करायची म्हटले, की ऐकणारा आधी विचारतो, "वजन किती?" प्रश्न रास्त आहे. पण ट्रॅक्टरचा लोडर, म्हणजे पुढे जोडलेले भार उचलणारे हात, दिमतीला असेल तर वजन ही गोष्ट दहा मिनिटांत निकालात निघते. खरी परीक्षा पुढे असते. भिंत जवळजवळ उभी झालेली असते, आता झालेच असे वाटू लागते, आणि नेमकी तिथेच ती हातची जाते.

भिंत म्हणजे विटांची नव्हे, लाकडी सांगाड्याची. उत्तर अमेरिकेत घरे आणि गॅरेज बांधायची ही नेहमीची रीत आहे. काँक्रीटच्या स्लॅबवर भिंत आधी आडवी जुळवायची. खाली एक तळपट्टी, वर दुहेरी माथापट्टी आणि मध्ये दर १६ इंचांवर म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटरवर एक उभा दांडा, ज्याला स्टड म्हणतात. बाहेरच्या अंगाला लाकडी तुकड्यांच्या दाबीव फळ्या ठोकायच्या आणि मग सगळा पसारा एका अंगावर उचलून उभा करायचा. या कामातले लाकूड 'दोन बाय चार' इंचांचे म्हणवले जाते, पण रंधून झाल्यावर ते भरते ३८ बाय ८९ मिलिमीटर. नाव आडमाप, माल कमी. हे ८९ मिलिमीटर मात्र लक्षात ठेवायचे, कारण पुढचे सगळे गणित त्यांच्यावर उभे आहे.

समजा भिंत ७.३ मीटर लांब आणि २.४४ मीटर उंच आहे. कोरड्या, हलक्या सूचिपर्णी लाकडाचा सांगाडा साधारण ११५ किलो भरतो, वरच्या फळ्या आणखी १२५. एकूण २४० किलो धरू. ही भिंत कुणी अधांतरी उचलत नाही. तळाची कड स्लॅबवर राहते, बिजागरीसारखे काम करते आणि आपण फक्त माथा उचलतो. गुरुत्वमध्य मधोमध असल्याने अर्धे वजन बिजागरीवर आणि अर्धे आपल्यावर. म्हणजे सुरुवातीला १२० किलो. दोन-तीन धडधाकट माणसे ते उचलतील, एकट्याच्या आवाक्याबाहेर आहे.

बळ भिंतीला काटकोनात लावले, तर ती जसजशी उठते तसतसे ओझे कमी होत जाते. ४५ अंशांवर ते ८५ किलो उरते. पण हा हिशोब माथ्याला धरून उचलणाऱ्याचा झाला. माणसाचे हात माथ्यापर्यंत पोचतात कुठे? माथा खांद्याच्या वर गेला, की माणूस भिंतीखाली शिरतो आणि एकेक पाऊल बिजागरीकडे सरकत ढकलत राहतो. भिंत हलकी होत असते, पण त्याच्या तरफेची भुजाही आखूड होत असते. दोघांची शर्यत लागते आणि गणित सांगते की माणसावरचा भार ४५ अंशांपाशी पुन्हा शिखर गाठतो. भिंत हातांच्या उंचीच्या बरोबर दुप्पट असेल, तर तिथे ओझे पुन्हा सुरुवातीइतके होते. त्याहून उंच असेल तर सुरुवातीपेक्षाही जास्त! हात दीड मीटरवर आणि भिंत ३.६६ मीटर असेल, तर सुरुवातीला निम्मे वजन आणि मध्यावर एकूण वजनाच्या ६१ टक्के. तेही डोक्यावर भिंत आणि पाय तिच्याखाली अशा अवस्थेत. गावकऱ्यांनी मिळून धान्याची कोठारे उभारायची जुनी पद्धत होती, तिच्यात टोकदार लोखंड बसवलेले लांब बांबूसारखे दांडे वापरत, तेही एकापेक्षा एक लांब. त्यांचे कारण हेच. हात पोचेनासे झाले की दांडा पुढे घ्यायचा, म्हणजे भुजा आखूड होत नाही.

लोडरला ही अडचण नाही, कारण तो माथ्यापर्यंत पोचतो. ५० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये १७० बार दाबाने तेल गेले, की दट्ट्यावर तीन टनांहून जास्त बळ येते, आणि असे दोन सिलिंडर असतात. लोडरचे हात ज्या खुंटीभोवती फिरतात तिच्याजवळ, आखूड भुजेवर ते त्यांना ढकलतात. त्यामुळे बकेटच्या टोकाशी त्यातले काही शे किलोच उरतात, मात्र उंची भरपूर मिळते. आपल्या १२० किलोंना तेवढे पुष्कळ झाले. तरी ट्रॅक्टरच्या मागे वजन जोडावे. पुढे भार आल्यावर मागची चाके हलकी होतात आणि ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्याच चाकांवर असतात.

आता भूमिती. भिंत आतल्या अंगावर पालथी पडलेली, तळपट्टी स्लॅबच्या कडेशी, ट्रॅक्टर स्लॅबवर आतल्या बाजूला, तोंड बाहेर. बकेटच्या जागी काटे, म्हणजे दोन लांब आडवे लोखंडी दांते, लावलेले आणि ते माथापट्टीखाली सरकवलेले. लांब भिंत मध्यावर एकाच जागी उचलली तर दोन्ही टोके लोंबतात, म्हणून काट्यांवर एक मजबूत आडवी तुळई ठेवून दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे एक पंचमांशावर आधार द्यावा. तिथे वाक सगळ्यात कमी येतो.

पहिल्या ३० अंशांत भिंतीचा माथा १.२२ मीटर वर जातो आणि पुढे फक्त ३३ सेंटिमीटर सरकतो. शेवटच्या ३० अंशांत बरोबर उलटे: वर ३३ सेंटिमीटर, पुढे १.२२ मीटर. म्हणजे सुरुवात उचलण्याची आणि शेवट ढकलण्याचा. लोडर मात्र फक्त उचलणारे यंत्र आहे, आणि त्याची वाट भिंतीच्या वाटेशी जुळत नाही. त्याचे हात मागच्या खुंटीभोवती फिरतात. काटे खुंटीच्या उंचीपर्यंत पुढे पुढे जातात, त्याच्यावर गेले की ट्रॅक्टरकडे परत येऊ लागतात. भिंतीला पुढे जायचे असते तेव्हा लोडर मागे येत असतो. ही तफावत चाकांनी भरून काढावी लागते, एका हाताने लोडर उचलत आणि पायाने ट्रॅक्टर गोगलगायीसारखा पुढे नेत. वेळ चुकली तर माथापट्टी काट्यांच्या टोकांवरून निसटते आणि भिंत धाडकन परत पडते. म्हणून ती काट्यांना साखळीने सैलसर बांधून ठेवायची. तळ बाहेर घसरू नये म्हणून तळपट्टीखाली आधीच लोखंडी पट्ट्या ठोकून त्यांची दुसरी टोके स्लॅबला जखडायची. त्या वाकतात, पण सरकू देत नाहीत.

इथवर सगळे कष्टाचे, पण समजण्यासारखे. आता ते शेवटचे अंश.

भिंत तळपट्टीच्या आतल्या कडेवर फिरते आहे. गुरुत्वमध्य त्या कडेच्या बरोबर वर आला, की तोल साधतो. हे काटकोनात घडत नाही, काटकोनाच्या आधी घडते. नुसता सांगाडा असेल तर गुरुत्वमध्य जाडीच्या मधोमध, ४४.५ मिलिमीटरवर असतो आणि तोलाचा क्षण काटकोनाला दोन अंश बाकी असताना येतो. बाहेरून फळ्या ठोकल्या असतील, तर निम्म्याहून जास्त वजन बाहेरच्या पृष्ठावर असते. मग गुरुत्वमध्य आतल्या कडेपासून सुमारे ७१ मिलिमीटरवर सरकतो आणि काटकोनाला सव्वातीन अंश बाकी असतानाच भिंत तोलाला येते. त्या क्षणी माथा ओळंब्यापासून १४ सेंटिमीटर आत असतो आणि काट्यांवरचे ओझे शून्य होते. पुढे ढकलावे लागत नाही, भिंत आपणहून जाते.

जाते ती थेट ओळंब्यात थांबत नाही. तळपट्टी सपाट टेकली की आता बाहेरची कड बिजागरी बनते आणि गुरुत्वमध्य त्या कडेपासून फक्त १८ मिलिमीटरवर असतो. बोटाच्या रुंदीएवढा! भिंत झोपलेली होती तिथून उभी करायला सुमारे २,७०० जूल ऊर्जा लागली. तोलाच्या क्षणापासून आपणहून उतरताना ती ५ जूल मिळवते, अर्धा किलो वजन मीटरभर उचलायला लागते तेवढी. आणि बाहेरच्या कडेवरून पलटी व्हायला तिला हवे असते ०.३ जूल. टेकताना होणाऱ्या दणक्यात थोडी ऊर्जा जाते, पण इतक्या सडपातळ वस्तूची आदर्श गणितात फारच कमी जाते. थोडक्यात, कुणी अडवले नाही, तर फळ्या ठोकलेली भिंत उभी राहायच्या नादात पलीकडे आडवी होण्याचीच शक्यता जास्त.

माणसांच्या टोळीला हे कळते. भिंत हलकी झाल्याचे तळहातांना जाणवते, "हळू, हळू" असा आवाज उठतो आणि ढकलणारे हात आपोआप धरणारे होतात. ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेल्याला काहीच जाणवत नाही. दोन टनांच्या यंत्राला १२० किलो आणि शून्य सारखेच. क्लच सोडताना ट्रॅक्टर वीतभर पुढे झेपावला, तर यंत्राच्या हिशोबी काही झालेले नसते.

म्हणून भिंत उचलण्याआधी तिला थांबवण्याची सोय करायची. स्लॅबमध्ये तळपट्टीपासून २.४४ मीटर आत, म्हणजे पडलेल्या भिंतीच्या माथ्याखालीच, पक्की कडी बसवायची. माथापट्टीपासून कडीपर्यंत ३.४५ मीटर लांबीचे बंधन घालायचे, दोन्ही टोकांना एकेक. भिंत झोपलेली असताना ते सैल पडून राहते आणि ती ओळंब्यात येते तेव्हा ताठ होते. लांबी पायथागोरसकडून आली आहे: उंचीचा वर्ग अधिक अंतराचा वर्ग, त्याचे मूळ. बंधन दोराचे नको, साखळीचे हवे. नायलॉन २ टक्के जरी ताणले, तरी ३.४५ मीटरमध्ये ७ सेंटिमीटर लांबते. तिरप्या बंधनामुळे माथ्यापाशी ते जवळजवळ १० सेंटिमीटर होतात, आणि बाहेरच्या दिशेने माथ्याला सूट आहे जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. मी तर साखळी मोजापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आखूडच ठेवेन. भिंत किंचित आत झुकून थांबली तर चालते, नंतर ती हाताने ओळंब्यात आणता येते.

आता उरते ते एकट्या माणसाचे अडाणी वाटणारे कोडे: भिंत उभी आहे, मी सीटवर आहे, मग तिला आधार देणारे धिरे कोण ठोकणार? इथे लोडर कामाला येतो तो ताकदीने नव्हे, न कंटाळता धरून राहण्याने. तिरपे धिरे, म्हणजे आधाराच्या लांब फळ्या, भिंत आडवी असतानाच टोकाच्या स्टडना वरच्या अंगाला एकेका खिळ्याने अडकवून ठेवायचे. भिंत उठली की ते घड्याळाच्या लंबकासारखे आपसूक खाली येऊन लोंबतात. ट्रॅक्टर ब्रेकवर ठेवायचा, उतरायचे, भिंतीच्या टोकाकडून जायचे, काट्यांखालून कधीही नाही, आणि धिऱ्याचे खालचे टोक स्लॅबला जखडायचे. फार रेंगाळायचे नाही, कारण हायड्रॉलिक यंत्रणेच्या आत तेल थोडे थोडे झिरपते आणि लोडर नकळत खाली बसत जातो.

दिवसही निवडून घ्यावा. फळ्या ठोकलेली भिंत म्हणजे जवळपास १८ चौरस मीटरचे शीड. विनाआधार उभ्या भिंतीला बाहेर उलथवायला किती वारा लागतो? हिशोब करता ताशी सहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पाने सळसळवणारी झुळूक. वादळ येईपर्यंत वाट बघायची गरज नाही.

दुसरी भिंत पहिलीला काटकोनात येऊन मिळाली आणि कोपरा ठोकला गेला, की पहिल्या भिंतीला उलथायला १८ मिलिमीटरऐवजी काही मीटरची भुजा आड येते. तोपर्यंत एकही धिरा काढायचा नाही. आणि चौथी भिंत उचलण्याआधी दरवाजाच्या उंचीचा विचार करून ठेवायचा. गॅरेजचे दार पुष्कळदा ७ फूट, म्हणजे २.१३ मीटर असते. ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी मागची लोखंडी कमान त्याहून उंच असू शकते, आणि ती दुमडणारी नसेल तर ट्रॅक्टर आतच राहतो.