परार्ध

दशगुणोत्तर संख्यानामांच्या अनेक भारतीय याद्यांत अखेरीस येणारे नाव. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (सु. ११५०) परार्ध अठराव्या स्थानी, म्हणजे एकावर १७ शून्ये असा आहे : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. मराठीतला अब्ज याच क्रमातला. हिंदीतला ‘अरब’ तेवढ्याच मूल्याचा असला, तरी नाव अर्बुदाचे.

शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत (१७.२) अग्निचयनाच्या (यज्ञवेदी रचण्याच्या विधीतील) विटा धेनू होवोत या प्रार्थनेत मात्र परार्ध तेराव्या स्थानी, एकावर १२ शून्ये असा येतो. अर्थसंकल्पातले ‘लाख कोटी’ ते हेच. लीलावतीत त्याला महापद्म म्हणतात. पाच स्थानांच्या या फरकाची संगती अशी लागते : वैदिक यादीत प्रयुतानंतर थेट अर्बुद येतो, कोटी नाही. कोटी आल्याने अर्बुद एक स्थान सरकला. पुढे वैदिक यादीत अर्बुदानंतर येणाऱ्या एकट्या न्यर्बुदाच्या जागी अब्जापासून शंकूपर्यंत पाच नावे आली, म्हणून समुद्र (लीलावतीतला जलधी) आणि त्यापुढील नावे आणखी चार स्थाने सरकली. मध्य व अंत (लीलावतीतला अंत्य) यांचा क्रमही उलटला. हे सारे एकाच वेळी घडले नसावे, आर्यभटाच्या (इ. स. ४९९) दहा स्थानांच्या यादीत कोटी आहे, पण अर्बुदापुढे अब्ज नसून वृंद आहे. कृष्ण यजुर्वेदाच्या काठक संहितेत तर नियुत (लक्षाच्या जागचे वैदिक नाव) व प्रयुत यांचीच अदलाबदल आढळते. तेव्हा जुन्या ग्रंथातील अर्बुद वा परार्ध अंकांत मांडण्यापूर्वी यादी कोणती, हे पाहणे भाग आहे.

या नामावलीवरून वैदिक काळीच स्थानमूल्य लेखन होते, असे काही अभ्यासक मानतात. परंतु ती पाठांतराची परंपरा आहे. तिच्यावरून लेखनपद्धती सिद्ध होत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आर्यभटाची अक्षरांनी संख्या मांडण्याची पद्धतीही याच सावधगिरीने वाचावी. तीत नऊ स्वर अठरा स्थाने दाखवतात, व्यंजने संख्या. युगातील सूर्याचे भगण (प्रदक्षिणा) ‘ख्युघृ’ या दोन अक्षरांत बसतात : ख २, य ३०, उ दहा हजार, म्हणून ख्यु ३,२०,०००, घ ४, ऋ दहा लाख, म्हणून घृ ४०,००,०००, एकूण ४३,२०,०००. येथे शून्य लिहावे लागत नाही, म्हणून तिच्यावरूनही स्थानमूल्य लेखन सिद्ध होत नाही.

परार्धापुढेही नावे आहेत. महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहात (नववे शतक) चोवीस स्थाने असून शेवटचे महाक्षोभ आहे. ललितविस्तर या बौद्ध ग्रंथात कोटीपासून शंभरपटीने चढत तल्लक्षण, म्हणजे एकावर ५३ शून्ये, येते. जैन आगमांतील शीर्षप्रहेलिका हे कालमान ८४ लाखांचा २८ वा घात इतक्या वर्षांचे. ही संख्या १९४ अंकी भरते.