डबडं होण्याआधी

बटणांचा फोन खिशातून काढला की नागपुरात कुणीतरी म्हणतंच, "काहून बे, अजून हे डबडंच वापरतोस का?" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण २००३ मध्ये नोकियाचा ११०० बाजारात आला, तेव्हा हेच डबडं बर्डीवरच्या दुकानांत काचेआड मांडलेलं असायचं. घेतलेला माणूस ते शर्टाच्या वरच्या खिशात, अर्धं बाहेर दिसेल असं ठेवून हिंडायचा. त्याला टॉर्च होता, एवढ्या गोष्टीचं केवढं अप्रूप! जगभरात हे मॉडेल पंचवीस कोटींच्या आसपास विकलं गेलं. एखाद्या घरात ते अजून सापडेल आणि बॅटरी फुगली नसेल तर चालेलही. फोन बोलण्यासाठी होता, बोलणं आजही होतं. तरी ते डबडं.

हा शिक्का कसा बसला त्याची ही पार्श्वभूमी. माझं मत आधीच सांगून टाकतो. जुनी यंत्रं संथ होती म्हणून मागे पडली, हे अर्धंच खरं आहे. त्या प्रत्येकात कुठे ना कुठे एक थांबा होता. कार्यक्रम संपायचा, पैसे संपायचे, कागद संपायचा. स्मार्टफोनने हे थांबे एकेक करून उखडले. आता थांबा दिसला की तो आपल्याला बिघाड वाटतो.

सुरुवात रेडिओपासून करू. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. तेव्हा नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होतं, म्हणून मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा या केंद्रावर पहिल्यापासून नांदल्या. घरात रेडिओ ठेवायचा तर परवाना लागायचा आणि त्याचं शुल्क पोस्टात जाऊन भरावं लागायचं. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. सकाळची सभा, दुपारची सभा, रात्रीची सभा असे प्रसारणाचे तुकडे असत. सभा संपली की निवेदक निरोप घेई आणि मग नुसती खरखर उरे.

इथे जुन्या दिवसांच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. रेडिओ लोक काही डोळे मिटून, एकाग्र होऊन ऐकत नव्हते. आई गहू निवडत ऐकायची, बाबा दाढी करत. कूलरच्या आवाजात निम्मं ऐकूच यायचं नाही. लक्ष तेव्हाही वाटलेलंच होतं. फरक एवढाच की रेडिओने कधी हाक मारली नाही. तुम्ही उठून गेलात तर तो मागे आला नाही, आणि तुम्ही कान दिला की नाही हेही त्याला कळत नव्हतं.

गंमत म्हणजे थांबे काढण्याचं एक काम नागपूरच्याच पदरी आलं. १८ मे १९८८ ला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. ती रात्रभर चालायची. देशभर ऐकू जावी म्हणून तिचा एक हजार किलोवॅटचा मध्यम लहरींचा प्रक्षेपक देशाच्या मध्यावर, म्हणजे नागपूरजवळ उभारला होता, १५६६ किलोहर्ट्‌झवर. रात्री रेडिओ झोपतो हा नियम मोडला तो असा. रात्रपाळीचे कामगार, ट्रकचालक, झोप न येणारी म्हातारी माणसं यांची मोठी सोय झाली. २०१९ उजाडेपर्यंत ही वाहिनी बंद पडली. तोवर रात्री जागं राहायला आणि जागं ठेवायला दुसरं यंत्र उशाशी आलं होतं.

टेलिफोनचे थांबे पैशाचे होते. घरी फोन यायला वर्षानुवर्षं यादीत वाट पाहावी लागे. व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्याचा नंबर छापून त्यापुढे 'पी.पी.' लिहायची रीत होती. शेजारच्या काकू खिडकीतून ओरडत, "तुमचा फोन आला हो!" आणि आपण हातातलं टाकून धावायचो. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्येच बोलायचा. त्या तीन मिनिटांत काय बोलायचं हे लोक आधी कागदावर लिहून नेत.

तारेत तर शब्दागणिक पैसे. 'बाबा सीरियस, ताबडतोब ये' याहून लांब मजकूर कुणी लिहीत नसे. त्यामुळे तार आली म्हटलं की उघडण्याआधीच घरात रडारड. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

पुढे एसटीडीचे पिवळे बूथ आले. १९८४ मध्ये स्थापन झालेली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था आणि तंत्रज्ञ सॅम पित्रोदा यांचा त्यात मोठा वाटा. बूथच्या काचेमागे लाल आकडे पळत असत, आणि बोलणाऱ्याचं एक लक्ष माणसाकडे तर दुसरं मीटरवर. मोबाइलवरचं देशातलं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ ला कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झालं. सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. येणारे फोन फुकट झाले ते २००३ मध्ये. मधल्या काळात आपल्या लोकांनी 'मिस कॉल' नावाची भाषाच तयार केली. एक वाजवून बंद केला तर पोचलो, दोनदा वाजवला तर खाली ये. थांब्यांतून वाट काढण्याची ही हुशारी मला आजही कौतुकाची वाटते.

टाइपरायटरबद्दल थोडक्यात. सरकारी नोकरीसाठी मराठीची तीस आणि इंग्रजीची चाळीस गती लागे, म्हणून महाल-धरमपेठेतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एका तासासाठी मशीन मिळवायला पोरं धडपडत. ओळ संपत आली की घंटी वाजायची. कार्बन लावलेला असताना चूक झाली तर तीन प्रतींवर खोडावं लागे, म्हणून माणूस आधी विचार करायचा आणि मग बोट उचलायचा. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि २००९ च्या सुमारास उत्पादन थांबवलं.

आता हे थांबे कुणी आणि का काढले? त्याची मुळं नागपूरपासून फार लांब आहेत. अमेरिकन अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं की माहिती अमाप झाली की टंचाई पडते ती लक्षाची, कारण माहिती लक्षच खाते. तेव्हा हा विचार कचेऱ्यांच्या कारभारापुरता होता. पुढे त्याच टंचाईवर धंदा उभा राहिला. सेवा फुकट द्यायची आणि लोकांचं लक्ष जाहिरातदाराला विकायचं. असा धंदा असेल तर वापरणारा थांबला की नुकसान. मग थांबा ठेवायचाच कशाला?

२००६ मध्ये एझा रॅस्किन या अभियंत्याने पान कधीच संपणार नाही अशी स्क्रोलची सोय बनवली. आधी पान संपलं की 'पुढे' दाबावं लागे, आणि तेवढ्या क्षणात माणूस भानावर येई. तो क्षण गेला. आपण हे बनवल्याचा पस्तावा रॅस्किनने नंतर जाहीरपणे बोलून दाखवला. २००७ मध्ये आयफोन आला. २००९ मध्ये फेसबुकवर 'लाइक'चं बटण आलं आणि त्याच वर्षी आयफोनवरच्या ॲपना, ॲप बंद असतानाही, तुम्हाला हाक मारायची सोय मिळाली. रेडिओने जे कधी केलं नाही, ते हेच. २०१४ मध्ये व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा आल्या. आता वाचून गप्प बसणंही समोरच्याला दिसू लागलं.

बोटाने पडदा खाली ओढला की नवं काही येतं का, हे पाहण्याच्या सवयीमागे बी. एफ. स्किनर यांचे कबुतरांवरचे जुने प्रयोग आठवतात. चोच मारल्यावर दरवेळी दाणा मिळाला तर कबूतर पोट भरलं की थांबतं. कधी मिळतो, कधी नाही, आणि कधी ते सांगता येत नाही, असं केलं की ते मारतच राहतं. आपल्याकडे लॉटरीच्या दुकानासमोर उभ्या राहणाऱ्यांना हे सांगायला स्किनर लागला नाही.

भारतात शेवटचा थांबा पैशाचाच उरला होता. एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास पडत, म्हणून लोक काम झालं की नेट बंद करून ठेवत. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, पहिले काही महिने फुकटच, आणि इतर कंपन्यांनाही दर पाडावे लागले. नेट बंद करण्याची सवय बघता बघता गेली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. त्याची रिकामी जागा भरायला जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात उतरले. पंचेचाळीस अंशांच्या नागपुरी उन्हाळ्यात दुपार म्हणजे पूर्वी कूलरसमोर पडून राहायची वेळ. ती रिकामी दुपार आता भरलेली असते.

लक्षावर याचा परिणाम किती, याबद्दल बऱ्याच थापा फिरतात. माणसाचं लक्ष आता आठ सेकंद टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी, असं व्याख्यानांतून ठोकून देतात. तो आकडा २०१५ च्या एका मार्केटिंग अहवालातून पसरला आणि त्यामागे भक्कम संशोधन सापडलं नाही. माशाचंही कुणी तसं मोजलेलं नाही. त्यापेक्षा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांच्या नोंदी विश्वासाच्या आहेत. संगणकावर काम करणारी माणसं एका पडद्यावर २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं थांबत. २०१२ मध्ये ते सव्वा मिनिटावर आलं, आणि नंतरच्या मोजण्यांत सत्तेचाळीस सेकंदांवर. याचा अर्थ एकाग्र होण्याची ताकद गेली असा नाही. तीच माणसं तीन तासांचा सिनेमा बघतात. पडदा बदलायची सवय मात्र जडली. टेक्सासमध्ये २०१७ ला एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फोन नुसता टेबलावर असला तरी डोक्याची कामं थोडी ढिली पडतात आणि दुसऱ्या खोलीत ठेवला तर सुधारतात. पुढच्या काही अभ्यासांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही. तेव्हा याला ब्रह्मवाक्य मानू नये.

मला स्वतःला जे पटलं ते एका दुकानात पटलं. आईचा जुना रेडिओ दुरुस्तीला घेऊन इतवारीत गेलो होतो. दुकानदाराने मागचं झाकण काढलं, काटा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "दोरा गेला भाऊ याचा. बाकी काही नाही झालं." काटा सरकवणारा दोरा चाकांवरून ओवायला त्याला अर्धा तास लागला. मधेच मान वर न करता त्याने विचारलं, "घाई आहे का? कवापासून टाइम पाहून राहिले तुम्ही." मी वेळ पाहत नव्हतो. वेळ पाहत असतो तर बरं झालं असतं.

त्या रेडिओत काय बिघडलं हे मला दिसलं. फोनचं तसं नाही. तो बिघडला की डिस्प्ले बदला नाही तर फोन बदला, आत काय आहे ते आपल्यासाठी बंदच. जुन्या यंत्रांकडे आपण ज्या तऱ्हेने पाहतो, त्यात मला याचाही हात दिसतो. उघडता न येणाऱ्या वस्तूची सवय लागली की उघडता येणारी वस्तू खेळण्यासारखी वाटते. म्हणून एकीकडे 'डबडं' म्हणून हेटाळणी, आणि दुसरीकडे कॅफेच्या भिंतीवर शोभेला ठेवलेला, आतून पोकळ केलेला रेडिओ. एक तुच्छता, एक कौतुक. दोन्हीकडे मोजायची पट्टी फोनचीच. अमेरिकेत २०२२ मध्ये ग्रामोफोनच्या तबकड्यांचा खप सीडींपेक्षा वर गेला. ही काही फक्त म्हाताऱ्यांची खरेदी नव्हती.

नागपूरच्या झिरो माइलपाशी हे फार जाणवतं. लोक त्याला देशाचा मध्यबिंदू म्हणून दाखवतात आणि तिथल्या चार घोड्यांच्या पुतळ्यांबरोबर सेल्फी काढतात. तो १९०७ चा दगडी स्तंभ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची खूण आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये ते काम सुरू केलं, सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, वाहून नेत. दूरच्या टेकडीवरची खूण स्पष्ट दिसेपर्यंत नुसतं थांबायचं, मग कोन मोजायचा, मग पुन्हा मोजायचा. १८२३ मध्ये नागपूरकडे येताना तो हिंगणघाटला वारला. त्याने वीस वर्षं ज्याचा पाठलाग केला ते 'आपण नेमके कुठे आहोत' याचं उत्तर सेल्फी काढणाऱ्याच्या हातात निळ्या ठिपक्यासारखं चमकत असतं, आणि तो त्याकडे बघतही नाही.

पण एका ठिकाणी जुनी तऱ्हा परत आली आहे, आणि तिला कुणी डबडं म्हणत नाही. सकाळी तर्री पोह्याच्या कुठल्याही ठेल्यावर जा. ठेलेवाल्याचा एक हात झाऱ्यावर, दुसरा तर्रीच्या पळीवर, समोर वीस गिऱ्हाइकं. पैसे आले का हे फोनवर बघायला त्याला ना हात मोकळा ना डोळा. म्हणून त्याने पोह्यांच्या पातेल्याशेजारी एक छोटं खोकं ठेवलंय. त्याला पडदा नाही, सरकवायला काही नाही, एकच काम येतं आणि ते झालं की गप्प बसतं. आई गहू निवडताना रेडिओ ऐकायची तसा तो ऐकतो, मान वर न करता. खोकं बोलतं, "पच्चीस रुपये प्राप्त हुए," आणि तो पुढच्या प्लेटीवर तर्री ओततो.