हेडफोन करेक्शनमुळे पियानो उशिरा वाजतो? नेहमीच नाही

पंडित रामभाऊ विजापुरे यांच्या पेटीवर कान तयार झालेल्या बेळगावात आता घरोघरी लॅपटॉपला कीबोर्ड जोडून पियानो शिकणारी मुलं आहेत. खानापूर-निपाणीकडेही त्यांना एकच सल्ला मिळतो: ‘हेडफोन करेक्शन फक्त ऐकायला, वाजवताना लावलं की सूर मागे पडतो.’ हेडफोन करेक्शन म्हणजे हेडफोनच्या आवाजातले कमी-जास्त चढउतार फिल्टर लावून सरळ करणारं सॉफ्टवेअर. ते लावलं की उशीर होणारच, हा समज काढून टाकायलाच हवा.

उशीर होतो तो फिल्टरच्या प्रकारामुळे. लिनिअर फेज फिल्टर (सगळे सूर सारखेच उशिरा सोडणारा) ४०९६ सॅम्पलचा, म्हणजे आवाजाच्या तेवढ्या नमुन्यांचा असेल, तर ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार नमुने) त्याच्या निम्म्या लांबीचा, साधारण ४३ मिलिसेकंदांचा उशीर होतो. मग पट्टीचा टक् आधी आणि सूर मागून, असं स्पष्ट जाणवतं. करेक्शनच्या सेटिंगमध्ये मिनिमम फेज (कमीत कमी उशीर करणारा फिल्टर) किंवा ‘झिरो लेटन्सी’ निवडा. हा उशीर जवळपास नाहीसा होतो. १२८ सॅम्पलच्या बफरचे (संगणक आवाज ज्या तुकड्यांत पुढे पाठवतो त्याचे) पावणेतीन मिलिसेकंद उरतात, अधिक साउंड कार्डचा थोडा वेळ. त्यात आरामात वाजवता येतं.

‘करेक्शनने काही फरकच पडत नाही’ ही तक्रार बहुतेकदा विंडोजवर येते. करेक्शन लावणारा इक्वलायझर एपीओ हा प्रोग्रॅम विंडोजच्या ऑडिओ यंत्रणेत बसतो आणि उशीर कमी करायला वापरतात तो एएसआयओ ड्रायव्हर ती यंत्रणाच टाळतो. त्यामुळे करेक्शन पियानोपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून प्लगइन (जोडून वापरायचे छोटे प्रोग्रॅम) चालवणाऱ्या होस्ट सॉफ्टवेअरमध्ये करेक्शन पियानोनंतर, सर्वांत शेवटी लावा. खर्जातला फुगवटा आणि वरच्या सुरांची टोचणी लगेच कमी होईल. आवाज मात्र थोडा खाली येतो. करेक्शनसह आणि करेक्शनशिवाय अशी तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या.

रेकॉर्डिंग एक्स्पोर्ट करताना करेक्शन आठवणीने बंद करा, नाहीतर तुमच्या हेडफोनची दुरुस्ती दुसऱ्याच्या स्पीकरवर वाजेल.