कामावरच्या रसायनाने त्वचेची ॲलर्जी: पॅच टेस्ट आणि ईएसआयचा दावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रेझिन हाताळणारे, मशीनशॉपमध्ये कूलंटमध्ये (यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवात) हात घालणारे किंवा हुपरीत चांदीवर मुलामा देणारे कामगार हाताच्या खाजेकडे आधी दुर्लक्षच करतात. मग बारीक फोड येतात, पाणी सुटतं, भेगा पडतात आणि मेडिकलमधून स्टिरॉइडची ट्यूब येते. मलमाने चट्टा दबतो आणि कारण तसंच राहतं. म्हणून मलम लावण्याआधी हाताचे तारखेसह फोटो काढा. सुट्टीत त्रास कमी होतो का, हेही लिहून ठेवा.

पात्रता

मासिक पगार 21,000 रुपयांपर्यंत आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) कपात होत असेल, तर तुम्ही विमाधारक. रसायनांमुळे होणारे त्वचारोग व्यवसायजन्य आजारांच्या यादीत भाग 'ब' मध्ये येतात. त्यासाठी त्या कामावर सलग किमान सहा महिने नोकरी लागते. आजार कामामुळे आहे हे मान्य झालं, तर रजेच्या काळात सरासरी पगाराच्या सुमारे 90 टक्के तात्पुरता अपंगत्व लाभ मिळतो. साध्या आजारपणाच्या रजेत साधारण 70 टक्के, आणि तेही 78 दिवसांची वर्गणी भरली असेल तरच. म्हणून डॉक्टरांकडे 'खाज आहे' एवढंच न सांगता काय काम करता, कोणत्या वस्तूला हात लागतो ते सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

कागदपत्रे

ईएसआयचं ई-पहचान कार्ड, आधार, बँक पासबुक, नेमणूकपत्र, पगारस्लिपा, जुन्या चिठ्ठ्या. सगळ्यात मोलाचा कागद मात्र रसायनाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याचे घटक आणि धोके सांगणारा कागद. धोकादायक रसायनांसाठी 1989 च्या नियमांनुसार ती कारखान्याला ठेवावी लागते. त्यात एच 317 हा संकेत दिसला, तर त्याचा अर्थ 'त्वचेवर ॲलर्जी येऊ शकते'. ऑफिसात 'पेपर नाही' म्हणाले, तर ड्रमच्या लेबलचा फोटो काढा आणि पुरवठादाराकडून शीट मागवा. ती त्याच्याकडे असते, मागायचाच काय तो आळस.

चाचणी

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा खासगी त्वचारोगतज्ज्ञांकडे आधी फोन करा; पॅच टेस्टचं (नेमकी कशाची ॲलर्जी आहे ते शोधणाऱ्या चाचणीचं) साहित्य दरवेळी उपलब्ध असतंच असं नाही. पाठीवर छोट्या चकत्यांमध्ये डायक्रोमेट (क्रोमचा क्षार), निकेल, कोबाल्ट असे पदार्थ ठरलेल्या प्रमाणात लावतात. 48 तासांनी पट्टी काढून पहिली नोंद, मग 72 किंवा 96 तासांनी दुसरी. दुसऱ्या नोंदीला जाणं टाळू नका, कारण नुसती जळजळ तोवर ओसरते आणि खरी ॲलर्जी टिकते, कधी वाढतेही. या दिवसांत पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नको. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. कारखान्यातला कूलंट किंवा थिनर बाटलीत नेऊन तसाच लावून घेऊ नका. न पातळ केलेला पदार्थ कोणाचीही कातडी भाजेल आणि निकालाला अर्थ राहणार नाही. डेटा शीट दाखवली की किती पातळ करायचं हे डॉक्टर ठरवतात.

दावा

अहवाल घेऊन ईएसआय दवाखान्यातून प्रमाणपत्र घ्या आणि मालकाला लेखी कळवा. ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज दिल्यावर शिक्का मारलेली पोच घ्या. घरी चप्पल शिवणाऱ्या, ईएसआय नसलेल्या कारागिराला हा लाभ नाही. पण क्रोम कातड्याची (क्रोमच्या क्षाराने कमावलेल्या) ॲलर्जी निघाली, तर तो वनस्पती-कमावलेल्या कातड्याकडे वळू शकतो, आणि अशा कातड्याची कोल्हापुरात वानवा नाही. कामगाराने अहवालाच्या आधारे काम बदलून मागण्याचा अर्जही त्याच दिवशी द्यावा.